लोखंडाचा सांधा आणि घणावरचे हात

वेल्डिंगचे मशीन नव्हते तेव्हा बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कशी जोडत असत, असा प्रश्न एका वाचक बंधूंनी विचारला आहे. त्यांचा मुलगा भोसरीला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर आहे. तिथल्या मिस्त्रीने त्याला सांगितले की पूर्वीचे लोहार नुसत्या भट्टीवर आणि घणावर लोखंडाला लोखंड जोडायचे. ना वीज, ना रॉड, ना गॅस. पोराला ते खरे वाटेना. बापालाही नीट समजावता येईना, कारण गावी धाव चढवताना त्यांनी पाहिले होते ते लहानपणी आणि तेही लांबून. लांबून का, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मिस्त्री खरे बोलला. विजेच्या ठिणगीचे वेल्डिंग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आले. त्याआधी शेकडो वर्षे लोखंडाला लोखंड एकजीव करायचे ते तावून आणि ठोकूनच. दिल्लीला कुतुबमिनारच्या आवारात लोहस्तंभ उभा आहे. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड, अंदाजे सोळाशे वर्षांपूर्वीचा. तो साच्यात ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तावून, एकाला एक ठोकून तो वाढवत नेला आहे. त्यावर राजाचे नाव कोरलेले आहे. घण मारणाऱ्यांची नावे अर्थातच नाहीत.

या जोडाला कारखान्यात फोर्ज वेल्डिंग म्हणतात. आपण लोहारी सांधा म्हणू. तो कसा होतो हे कळले की पोराला त्याचे रोजचे आर्क वेल्डिंगही जास्त चांगले कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे या सांध्यात लोखंड वितळत नाही. आर्क वेल्डिंगमध्ये लोखंडाचे पाणी होते आणि ते थिजले की जोड तयार होतो. आपल्या कसबा पेठेत तांबट आळीला भांडी झाळतात, तिथे मध्ये दुसरा, लवकर वितळणारा धातू घालतात. लोहारी सांध्यात यातले काहीच नाही. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. लोहार सांधा मारतो तो साधारण १२५० ते १३०० अंशांना. तेव्हा लोखंड मळलेल्या कणकेसारखे मऊ असते. दोन स्वच्छ पृष्ठभाग अशा तावावर एकमेकांना भिडले आणि त्यांवर दाब पडला की दोघांतली सीमाच नाहीशी होते. चिकटवलेले राहत नाही, एकच होते.

यातला ‘स्वच्छ’ हा शब्द महत्त्वाचा. तापलेल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर काळी खपली धरते. ऐरणीभोवती जो काळा भुगा पडलेला असतो, तीच ही खपली. दोन तुकड्यांच्या मध्ये ती अडकली की तुम्ही भीमासारखे घण मारा, सांधा होणार नाही. वरून जुळलेला दिसेल आणि कामाच्या वेळी उघडेल. म्हणून लोहाराची सगळी विद्या ही जोर लावण्याची नसून खपली घालवण्याची आहे. माझ्या मते लोहारकामाबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, की ते दांडग्यांचे काम आहे.

खपली घालवायला दोन वस्तू लागतात आणि दोन्ही स्वस्त आहेत. एक म्हणजे बारीक, धुतलेली वाळू. दुसरी टाकणखार, ज्याला कुणी सवागी म्हणतात. वाळू आणि खपली एकत्र आली की सुमारे १२०० अंशांना त्यांची काचेसारखी पातळ मळी बनते. ही मळी लोखंडावर पसरून हवा लागू देत नाही आणि घणाचा पहिला ठोका बसला की पिचकारीसारखी बाहेर उडते. साध्या मऊ लोखंडाला वाळू पुरते, कारण ते तेवढा ताव सोसते. पोलादाला मात्र तेवढा ताव चालत नाही, ते आधीच जळते. तिथे टाकणखार हवा. तो साडेसातशे अंशांच्या आतच वितळतो. कच्चा टाकणखार तापवला की आधी लाहीसारखा फुगतो, कारण त्यात पाणी असते, आणि फुगून तुकड्यावरून गळून पडतो. म्हणून जाणता कारागीर तो आधी तव्यावर फुलवून, कुटून ठेवतो. (हीच ती टाकणखाराची लाही, जी पूर्वी घरोघरी बाळाच्या तोंडाला लावत. माताभगिनींनी आता ती बाळाला लावू नये. पोटात गेलेला टाकणखार तान्ह्याला बाधतो.)

आता भट्टी. लोणारी कोळसा चांगला, कारण त्यात गंधक जवळजवळ नसते. दगडी कोळशात गंधक असते आणि गंधक सांध्याचा वैरी. म्हणून दगडी कोळसा वापरायचा तर आधी तो कडेकडेने जळू द्यायचा, धूर जाऊ द्यायचा आणि उरलेला सच्छिद्र कोक मध्ये ओढायचा. भट्टी खोल हवी. तुकडा भात्याच्या नळीच्या तोंडाशी धरला तर ताजी हवा थेट त्यावर येते आणि खपली वाढते. तो वर, निखाऱ्यांच्या पोटात हवा, खाली तीनेक इंच पेटलेला कोक असा. भाता सुरुवातीला धीम्याने मारायचा. नवशिके जोरात मारतात. मग बाहेरून पांढरे आणि आतून लाल असा तुकडा निघतो.

टोके नुसती एकावर एक ठेवून चालत नाहीत. आधी टोक तापवून उभे ठोकतात, म्हणजे ते जाड होते, कारण सांधा मारताना मटेरियल झिजणार असते. मग त्याला उतार देतात, चोचीसारखा. हा उतार सपाट किंवा खोलगट नको, मध्ये किंचित फुगीर हवा. दोन फुगीर पृष्ठभाग आधी मध्यावर टेकतात आणि मळी कडेने बाहेर जाते. खोलगट असले तर मळी आत कोंडते. एवढीशी गोष्ट, पण निम्मे सांधे इथे बिघडतात.

ताव ओळखायचा तो रंगावर. लोखंड आधी वाळल्या मिरचीसारखे लाल, मग शेंदरी, मग हळदीसारखे पिवळे, आणि शेवटी लोण्यासारखे फिकट होते. त्या वेळी त्याचा पृष्ठभाग ओला दिसू लागतो, जणू तूप सुटले आहे. एखाद-दुसरी ठिणगी फुटते. हाच क्षण. फुलबाजीसारख्या ठिणग्यांचा सडा पडू लागला तर लोखंड जळले. तो भाग कापून टाकण्यावाचून उपाय नाही. हे रंग भर उन्हात दिसत नाहीत. लोहाराची भट्टी अंधाऱ्या छपरात असते ती गरिबीमुळेच असे नाही, रंग दिसावा म्हणूनही असते. रस्त्याकडेला भट्टी लावणारे पोत्याचा आडोसा करतात तोही त्यासाठीच.

आणि मग ते दोन-तीन सेकंद. तुकडा भट्टीतून निघाला की हवेने थंड व्हायला लागतो. ऐरण गार असेल तर तिच्यावर टेकताच ताव उतरतो, म्हणून थंडीच्या सकाळी ऐरणीवर आधी एक तापलेला तुकडा ठेवून ती ऊन करून घेतात. एका हाताने सांडशीत धरलेला तुकडा झटकून वरची मळी उडवायची, दुसऱ्या तुकड्यावर बरोबर टेकवायचा, आणि त्याच घटकेला घण पडला पाहिजे. पहिला ठोका मध्यावर, हलका. हलकाच. नवख्याला वाटते की पहिलाच रट्टा जोरात हवा; पण जोराने तुकडे घसरतात आणि मऊ पडलेले लोखंड फाटते. सांधा धरल्याचे हाताला कळते. आधी बद्द आवाज येतो, तुकडे एकमेकांवर हलतात. धरल्यावर एकच तुकडा ठोकल्यासारखे वाटते. मग कडा, मग पुन्हा टाकणखार, पुन्हा ताव, पुन्हा ठोके. एका तावात पुरा सांधा क्वचितच होतो.

आता विचार करा. एक हात सांडशीवर, एक हात छोट्या हातोड्यावर. मग घण कोण मारतो?

पुण्यात किंवा गावाकडे ज्यांनी घिसाडी कुटुंबाचे काम पाहिले आहे त्यांना उत्तर माहीत आहे. घण बाईच्या हातात असतो. नवरा बसलेला, सांडशीत लोखंड धरून. तो छोट्या हातोडीने टिचकी मारून जागा दाखवतो आणि बायको उभी राहून तिथेच घण घालते. बोलायला वेळ नसतो. जोरात मार, हळू मार, थांब, हे सगळे हातोडीच्या आवाजात असते; ऐरणीवर मोकळा टणत्कार झाला की थांबायचे. तिचा ठोका अर्धा इंच चुकला किंवा अर्धा सेकंद उशिरा पडला तर नवऱ्याने कितीही चांगला ताव दिलेला असो, सांधा फुकट. घिसाडी, गाडी लोहार ही मंडळी महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. त्यांच्यातल्या बाईचे हे कसब सगळे गाव बघते, पण तिला लोहार कुणी म्हणत नाही. लोहार तो नवरा. ती ‘हाताशी असते’.

आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. हिशोब कोयत्याचा, उचल कोयत्याची. दोन माणसे राबतात आणि नाव एका हत्याराचे! घणावरच्या बाईला तर तेही नाव नाही.

ही गोष्ट घिसाड्यांपुरती नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत ‘ब्लॅकस्मिथ’ची मजुरी वेगळी आणि ‘हॅमरमन’ची वेगळी, कमी. म्हणजे सांधा दोघांनी मारला तरी कसबी एकच. आता मला कुणी सांगावे, वर वर्णन केलेला तो पहिला हलका ठोका, मध्यावर, वेळेवर, न घसरवता मारणे याला कसब म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? इंजिनिअरिंग कॉलेजमधली मुले वर्कशॉपच्या तासाला सळईचा एक हूक वाकवतात आणि त्याचे मार्क घेतात. त्याबद्दल तक्रार नाही. मात्र रोज घण मारणाऱ्याला कोणी मार्क देत नाही.

याच सांध्याच्या मजुरीवरून एक मोठा लढा झालेला आहे आणि तो बायकांनी लढला आहे. इंग्लंडात क्रॅडली हीथ नावाचे गाव साखळ्यांसाठी प्रसिद्ध होते. जाड साखळ्या कारखान्यात पुरुष करत. बारीक साखळ्या बायका करत, घरामागच्या छपरात, स्वतःच्या छोट्या भट्टीवर, पोरे बाजूला ठेवून. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे एक लोहारी सांधा. सळईचा तुकडा तापवायचा, वाकवायचा, टोकांना उतार द्यायचा, आधीच्या कडीत ओवायचा, पुन्हा पांढरा ताव द्यायचा आणि ठोकून बंद करायचा. मग पुढची कडी. दिवसभर हेच. एक सांधा कच्चा राहिला की अख्खी साखळी गेली. मधले दलाल माल देत-घेत आणि आपला हिस्सा कापून घेत.

१९०९ साली तिथे किमान मजुरीसाठी कायदा झाला आणि १९१० साली साखळीच्या धंद्याला तासाला अडीच पेन्स हा दर ठरला. बायकांच्या आधीच्या कमाईच्या तो जवळजवळ दुप्पट होता. पण कायद्यात एक पळवाट होती. कामगाराने कागदावर सही दिली तर मालकाला सहा महिने जुन्याच दराने काम करून घेता येत होते. मालकांनी कागद पुढे केले. अनेक बायकांना वाचता येत नव्हते. आपण काय लिहून देतो आहोत हे न कळता त्यांनी फुल्या मारल्या. हे वाचताना आपल्यापैकी कितीतरी जणांना आपल्या आजोबांचा अंगठा आठवेल! पुढे मेरी मॅकआर्थर या बाईंनी आणि महिला कामगारांच्या संघटनेने त्यांना उभे केले. १९१० च्या ऑगस्टपासून सुमारे दहा आठवडे काम बंद राहिले. देशभरातून मदतीचे पैसे आले. २२ ऑक्टोबर १९१० रोजी शेवटच्या मालकाने दर मान्य केला. मदतीतून जो पैसा उरला त्यातून त्यांनी कामगारांसाठी एक सभागृह बांधले, ते १९१२ साली उघडले. मंदिर नाही, पुतळा नाही, सभागृह. मला हे विशेष आवडते.

परत धावेकडे येऊ, कारण मूळ प्रश्न तो होता.

चाकाच्या बाहेरच्या लाकडी गोलाईचे माप घेऊन लोहार पट्टी कापायचा, ती वाकवून कडे करायचा आणि दोन टोकांचा वर सांगितला तसा सांधा मारायचा. कडे चाकापेक्षा मुद्दाम लहान ठेवत. मग ते जमिनीवर आडवे टाकून भोवती गोवऱ्यांची रास पेटवत. लोखंड तापले की वाढते. चाकाचा घेर साडेचार मीटर धरला आणि कडे पाचशे अंशांनी तापवले तर ते सुमारे २७ मिलिमीटर, म्हणजे इंचभर वाढते. तेवढ्यात तिघे-चौघे लांब सांडशांनी उचलून ते चाकावर बसवायचे. लाकूड धूर सोडायचे, पेटही घ्यायचे. लगेच घागरींनी पाणी. कडे आक्रसले की आरे तुंब्यात करकचून बसायचे, चाक वर्षानुवर्षे हलायचे नाही.

यात सांध्याची परीक्षा आपोआप होते. आक्रसताना सगळ्या कड्याला ताण बसतो, सांध्यालाही. सांध्यात खपली राहिली असेल तर तो तिथेच, सगळ्यांसमोर फुटायचा. लोहाराची पत त्या वाफेत ठरायची. पुढे गाड्यांना रबरी टायर आले आणि हे काम बहुतेक गावांतून संपले.

दुसरे मोठे काम म्हणजे हत्यारे शेवटणे. कुऱ्हाड, कुदळ, पहार, फाळ झिजले की त्यांचे टोक पुन्हा घडवून घेणे म्हणजे शेवटणे. जुन्या काळी पोलाद महाग. मग अंग मऊ लोखंडाचे आणि धारेपुरते पोलाद, असा संसार करत. कुऱ्हाडीचे तोंड चिरून, त्या चिरेत पोलादाची चीप बसवून सांधा मारत. हा सांधा अवघड, कारण दोघांचे ताव वेगळे. मऊ लोखंडाला जास्त ताव हवा, पोलाद तेवढ्यात जळते. म्हणून चीप नंतर तापवायची किंवा लोखंडाच्या पोटात झाकून ठेवायची. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, हा सांधा होतच नाही. ते मऊ न पडता एकदम वितळते किंवा घणाखाली भुगा होते. स्टेनलेसच्या वाटेला नवख्याने जाऊच नये, त्यातल्या क्रोमियमची खपली टाकणखाराला दाद देत नाही.

आज पुण्यात कोयता-विळा घडवणारे बहुतेक जण ट्रकचा जुना कमानपाटा घेतात. मंगळवार पेठेतला बुधवार-रविवारचा जुना बाजार अशा भंगारासाठी पुणेकरांना ठाऊक आहे. पाटा अख्खाच पोलादाचा असल्याने सांधा लागत नाही, नुसते घडवायचे, पाणी द्यायचे. ते सोयीचे आहे. त्यामुळे सांध्याची कला मागे पडली, यात कुणाचा दोष नाही.

पण कला मागे पडली तरी तिचे शास्त्र पुण्याच्या कारखान्यांत रोज भेटते, हे आपल्या कामगार बंधूंना सांगायचे आहे. मुंढव्याला नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ साली भारत फोर्ज स्थापन केली. त्यानंतर भोसरी, चाकणपर्यंत फोर्जिंगची लहानमोठी शॉप झाली. तिथे साच्यांत लोखंड दाबून क्रँकशाफ्टसारखे भाग घडवतात. तिथे सांधा मारायचा नसतो, उलट सांधा पडू द्यायचा नसतो. दाबताना लोखंडाची घडी पडून ती स्वतःवरच दुमडली की मध्ये खपली अडकते. वरून काही दिसत नाही. शॉपमध्ये याला लॅप किंवा कोल्ड शट म्हणतात. हा फसलेला लोहारी सांधाच आहे. चुंबकीय पूड टाकून तपासले की तिथे बारीक रेघ उमटते आणि माल रिजेक्ट होतो. प्रेसवर काम करणाऱ्या पोराला खपली म्हणजे काय हे समजले असेल तर साचा साफ का ठेवायचा, तुकडा जास्त वेळ उघड्यावर का ठेवायचा नाही, हे त्याला सुपरवायझरने ओरडून सांगावे लागणार नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. बांधकामावर जाणाऱ्या भगिनींनी पहार, टिकाव, छिन्नी घेताना धारेजवळ निरखून पाहावे. बारीक काळी रेघ दिसली तर तो कच्चा सांधा. काम करताना चीप उडून डोळ्यात किंवा नडगीत जाते. दगडावर हलकेच आपटून आवाज ऐकावा. खणखणीत असावा, बद्द नसावा. धारेवर कानस चालवून पाहावी. पाणी दिलेली धार कानशीला सहजी खाऊ देत नाही. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या.

आणि ज्यांच्या घरात हे काम चालते त्यांच्यासाठी, थोडे कठोर वाटले तरी. पहिल्या ठोक्याला जी मळी उडते ती वितळलेल्या काचेसारखी असते आणि ती घण मारणाराच्या पायांवरही जाते. म्हणजे बहुतेक वेळा बाईच्या पायांवर. नायलॉनची, टेरिकॉटची साडी अंगालाच चिकटते. सुती नेसावी, पदर खोचलेला असावा, पायांत चामड्याचे काहीतरी असावेच, स्लीपर नको. पांढऱ्या तावाकडे वर्षानुवर्षे उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने मोतीबिंदू लवकर होतो, हे डॉक्टरांचे जुने निरीक्षण आहे. चष्मा दोघांनाही हवा. पांढरा पत्रा आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप भट्टीत घालू नये. त्यावरचे जस्त ९०७ अंशांना उकळून त्याचा पांढरा धूर होतो, आणि तो ओढला की रात्री थंडी वाजून ताप येतो. दोन्ही तोंडे बंद असलेला पाइप तर कधीच तापवू नये, तो बॉम्बसारखा फुटतो. बंद खोलीत कोळसा पेटवू नये. तान्हे मूल भट्टीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला निजवावे.

त्या वाचक बंधूंच्या मुलाला स्वतः करून पाहायचे असेल तर सोपी सुरुवात सांगतो. शेडच्या मिस्त्रीला विचारूनच, हं. अर्धा इंची साध्या माइल्ड स्टीलची चौकोनी सळई घ्या. टोकापासून तीन इंचांवर अर्धी कापून ती दुमडा, म्हणजे दोन तुकडे एकत्र धरण्याची खटपट राहत नाही. दुमडण्याआधी आतली बाजू कानशीने चकचकीत करा. शेंदरी तावावर मधल्या फटीत टाकणखार पेरा, पुन्हा निखाऱ्यात सरकवा, भाता धीमा ठेवा आणि तूप सुटल्यासारखे दिसेपर्यंत थांबा. घणावर ज्याला उभे करणार त्याच्याशी आधी गार सळईवर दहा-वीस वेळा तालीम करा: टिचकी, ठोका, टिचकी, ठोका. सांधा झाला असे वाटले की गार होऊ द्या आणि करवतीने आडवे कापून, कानशीने घासून तोंड पाहा. काळी रेघ अर्ध्यापर्यंत गेलेली दिसेल. पहिल्या खेपेला बहुतेकांची जाते. ती कुठे थांबली आहे तिथे खडूने खूण करून तुकडा जपून ठेवा आणि दुसरा तुकडा भट्टीत घाला. या वेळी घण तुम्ही घ्या आणि सांडशी जोडीदाराच्या हातात द्या.